प्लाय कापायच्या आधी बॉक्स कॉम्प्युटरवर वाजवून बघा: बेस बॉक्स आणि हॉर्नचं सिम्युलेशन, अगदी पहिल्यापासून

लातूर, नांदेड, बीड, परभणी, कुठंही जावा, साऊंडवाल्यांकडं एक पद्धत सगळीकडं सारखीच दिसते, एखाद्या नावाजलेल्या बॉक्सला टेप लावून माप घ्यायचं, सुताराकडून हुबेहूब तसाच बॉक्स करून घ्यायचा, आणि आत स्पीकर मात्र टाकायचा तो आपल्याकडं असलेला नाहीतर बाजारात परवडला तो. मग बेस नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत, जवळ उभं राहिलं की धडधड आणि मंडपाच्या मागच्या टोकाला काहीच नाही, आणि सगळा दोष अँपवर. खरं बघितलं तर बॉक्स आणि स्पीकर ही जोडी असते, एकाचं माप दुसऱ्यावरून ठरतं. तो मूळ बॉक्स ज्या स्पीकरसाठी काढला होता तो काढून दुसरा टाकला की त्या मापाला काहीच अर्थ राहत नाही, मग सुतारानं कितीबी सफाईनं काम केलेलं असू द्या.

ही जोडी जुळते का नाही हे प्लायला हात लावायच्या आधी कळतं, आणि फुकट कळतं. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, साधा जुना विंडोजचा लॅपटॉप पुरतो, गणित दहावीपुरतं आलं तरी चालतं. आजकाल आमच्याकडची लई पोरं साऊंडच्या धंद्यात यायलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घाई न करता, एक टप्पा नीट समजल्याशिवाय पुढच्याला हात न लावता करा.

कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी

तीन-चार नावं लक्षात ठेवा. विनआयएसडी, हे सील बॉक्स (पूर्ण बंद) आणि पोर्टवाल्या बॉक्ससाठी (हवा आतबाहेर व्हायला भोक किंवा फट ठेवलेला), शिकायला सगळ्यात सोपं. हॉर्नरेस्प, ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅकबीन यांनी केलेलं, आणि हॉर्न म्हटलं की जगभरचे बॉक्स बनवणारे पहिल्यांदा हेच उघडतात. तिसरं विट्युइक्सकॅड, फिनलंडच्या किम्मो साउनिस्टो यांचं, त्यात क्रॉसओव्हरचं, म्हणजे आवाज बेस आणि वरच्या स्पीकरमध्ये वाटून द्यायचं, काम भारी होतं, घरगुती वापराला फुकट आहे. आणि चौथं अकाबाक, ते लई पुढचं आहे, त्याच्याबद्दल शेवटाकडं. मोजमाप करायला आरईडब्ल्यू म्हणजे रूम ईक्यू विझार्ड, तेही फुकट. मोबाईलवर बॉक्सचं माप सांगणारी ॲप असतात त्यांच्या नादाला लागू नका, ती एक आकडा देतात आणि ग्राफ दाखवत नाहीत, आणि सगळं शिक्षण ग्राफ वाचण्यातच आहे.

सुरुवात विनआयएसडीनं करा. बरेच जण थेट हॉर्नरेस्प उघडतात, त्यातले ते ढीगभर रकाने बघून घाबरतात आणि सोडून देतात.

पहिला टप्पा: स्पीकरचे आकडे

सॉफ्टवेअरला तुमचा स्पीकर दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टवाल्या बॉक्सचं गणित मांडलं आणि पुढं १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं, त्याच्या आधी बॉक्स म्हणजे बराचसा अंदाजाचा खेळ होता. यातले महत्त्वाचे आकडे असे. एफएस म्हणजे स्पीकर मोकळा धरला तर कोन (पुढचा हलणारा पडदा) कोणत्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात सहज डोलतो ते. क्यूईएस म्हणजे मॅग्नेट आणि कॉइल मिळून त्या डोलण्याला किती ब्रेक लावतात, आकडा जितका छोटा तितका ब्रेक जोरात. क्यूएमएस म्हणजे सस्पेन्शन, म्हणजे स्पायडर (कॉइलजवळची लवचिक चकती) आणि सराउंड (कोनच्या कडेची लवचिक पट्टी), किती ब्रेक लावतात. दोघं मिळून क्यूटीएस. व्हीएएस म्हणजे कोनच्या सस्पेन्शनइतकी मऊ किती लिटर हवा, हा आकडा बॉक्सच्या साईजशी थेट जोडलेला आहे. एसडी म्हणजे कोनचं क्षेत्रफळ, आरई म्हणजे कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, बीएल म्हणजे मोटरची ताकद, एमएमएस म्हणजे हलणाऱ्या भागाचं वजन, आणि एक्समॅक्स म्हणजे कोन किती मिलिमीटरपर्यंत शिस्तीत हलतो.

एक्समॅक्स वाचताना नीट बघा, काही डेटाशीटमध्ये एका बाजूचं अंतर दिलेलं असतं आणि काहींमध्ये दोन्ही बाजूंचं मिळून. सॉफ्टवेअरला एका बाजूचं लागतं. दोन्ही बाजूंचा आकडा टाकला तर स्पीकर दुप्पट हलू शकतो असं ते समजून चालणार आणि तुमची कॉइल जळणार किंवा मागच्या प्लेटवर आपटणार.

या लेखात मी एक काल्पनिक १८ इंची स्पीकर धरून चालतो, म्हणजे तुम्हालाही तेच आकडे टाकून माझ्याशी पडताळून बघता येईल: एफएस ३५ हर्ट्झ, क्यूईएस ०.३९, क्यूएमएस ७, क्यूटीएस ०.३७, व्हीएएस २१० लिटर, एसडी १२०० चौरस सेंमी, आरई ५.५ ओम, बीएल २५, एमएमएस २०० ग्रॅम, एक्समॅक्स ८ मिमी. साधारण मजबूत बेस स्पीकर असा असतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. आपल्याकडं निम्मे स्पीकर रिकोन केलेले असतात. एकदा कॉइल जळली, दुकानातून नवी कॉइल, नवा कोन, नवा स्पायडर बसवून आणला, वाजतोय म्हणून आपण खूश. पण कोनचं वजन बदललं, कॉइलचे वेटोळे बदलले, स्पायडर कडक आला का मऊ आला माहीत नाही, म्हणजे एफएसपासून क्यूटीएसपर्यंत सगळंच बदललं. मॅग्नेटवरचं स्टिकर मात्र जुनंच. अशा स्पीकरला कंपनीची डेटाशीट लावून सिम्युलेशन केलं तर ग्राफ सुंदर येईल आणि बॉक्स वाईट वाजेल. म्हणून मोजायला शिकाच, माझ्या मते या सगळ्या विद्येतला हा सगळ्यात कामाचा भाग आहे, आणि आमच्या भागात तर जास्तच.

मोजायचं कसं

आरईडब्ल्यू टाका, दोन इनपुटचं यूएसबी साऊंडकार्ड घ्या, लॅपटॉपच्या माईकच्या पिनवर हे जमत नाही कारण तिथं बहुतेक एकच चॅनल असतो. एक १०० ओमचा रेझिस्टर लागतो आणि थोडी वायर. हेडफोन आऊटपुटमधून सिग्नल रेझिस्टरमधून स्पीकरला जातो, रेझिस्टरच्या एका टोकाला पहिलं इनपुट, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि दोन्हीतल्या फरकावरून सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा इम्पिडन्स, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर विजेला किती अडवतो ते, काढतं. जोडणीची आकृती त्याच्या हेल्पमध्ये आहे, तशीच करा आणि कॅलिब्रेशन टाळू नका. अँपचं आऊटपुट चुकूनही साऊंडकार्डच्या इनपुटला लावू नका, कार्ड जागेवर जाईल.

स्पीकर जमिनीवर पालथा ठेवून मोजू नका, उभा धरा किंवा स्टँडला घट्ट बांधा, मागची हवा मोकळी पाहिजे. नवाकोरा स्पीकर असेल तर आधी काही तास मध्यम आवाजात वाजवून घ्या, नव्या स्पायडरचा ताठरपणा गेला की एफएस थोडा खाली येतो. ग्राफमध्ये एक उंच टोक दिसेल, ते टोक ज्या फ्रिक्वेन्सीला तो तुमचा एफएस. टोक किती उंच आणि किती रुंद यावरून क्यू निघतात, ते सॉफ्टवेअर स्वतः काढतं.

व्हीएएस आणि एमएमएस काढायला कोनवर ओळखीचं वजन चिकटवून परत मोजायचं. आपल्या उदाहरणात ६० ग्रॅम चिकणमाती किंवा प्लॅस्टिसिन डस्टकॅपभोवती सारखी पसरून लावली तर एफएस ३५ वरून सुमारे ३०.७ वर येईल. हिशोब सोपा, ३५ भागिले ३०.७, त्याचा वर्ग १.३०, त्यातून १ वजा केला की ०.३०, आणि ६० भागिले ०.३० म्हणजे २०० ग्रॅम. झालं एमएमएस. वजन घरच्या किराण्याच्या काट्यावर नाही, सोनाराच्या काट्यावर करा. सराफा प्रत्येक तालुक्याला आहे, कुणीबी दोन मिनिटात करून देतं.

दुसरा टप्पा: सील बॉक्स, आणि हातानं पडताळा

विनआयएसडीमध्ये नवीन ड्रायव्हर उघडून आकडे टाका. एक लक्षात ठेवा, सगळेच आकडे ठोकू नका, कारण बरेच आकडे एकमेकांवरून निघतात आणि डेटाशीटमधल्या गोलाकार आकड्यांचं आपसात जुळत नाही, मग सॉफ्टवेअर सेव्ह करू देत नाही किंवा चूक दाखवतं. एफएस, क्यूईएस, क्यूएमएस, व्हीएएस, आरई, एसडी, एक्समॅक्स एवढे टाका, बाकीचे त्याला काढू द्या, आणि त्यानं काढलेला बीएल तुमच्या शीटच्या जवळ आला का बघा. लई लांब गेला तर कुठंतरी टाकताना चुकलंय, बहुतेक वेळा युनिट. लिटरच्या जागी घनफूट, सेंमीच्या जागी मिमी, असलं काहीतरी.

पहिला बॉक्स सील करा, ७० लिटर. आपल्या स्पीकरचं व्हीएएस २१०, भागिले ७० बरोबर ३, अधिक १ बरोबर ४, वर्गमूळ २. म्हणजे बॉक्समध्ये गेल्यावर रेझोनन्स ३५ चा दुप्पट ७० हर्ट्झ होणार आणि क्यू ०.३७ चा दुप्पट ०.७४ होणार. सॉफ्टवेअरमध्ये हेच दिसलं पाहिजे. हातानं काढलेलं आणि स्क्रीनवरचं जुळलं की पुढच्या सगळ्या कामावर विश्वास बसतो, म्हणून हा टप्पा सोडू नका. आणि ग्राफ बघून हेही कळेल की ७० हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्यानं उतरायलाय, म्हणजे ढोलाचा खालचा दम या सील बॉक्समधून येणार नाही.

आता लिटर बदलून बघा. १०० करा, १५० करा, रेषा कशी वाकते ते बघा. असं एका संध्याकाळी निवांत बसून खेळलं की बॉक्सच्या साईजनं काय होतं हे कुणाला विचारावं लागत नाही.

तिसरा टप्पा: पोर्टचा बॉक्स

मंडपात, मिरवणुकीत आणि हॉलमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो हाच. आपल्या स्पीकरसाठी १८० लिटर निव्वळ, ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती) ३८ हर्ट्झ, पोर्टचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंमी. सॉफ्टवेअर पोर्टची लांबी ३० सेंमीच्या आसपास सांगेल. ही लांबी प्रत्यक्ष पोर्टची, हवेचा खांब दोन्ही टोकांना थोडा बाहेरपर्यंत हलतो म्हणून हिशोबातली लांबी ४६ सेंमीच्या घरात असते आणि त्यातून ती टोकांची भर वजा होते. पोर्ट एका भिंतीला चिकटलेला असेल, म्हणजे तळाशी पूर्ण रुंदीची फट ठेवतात तसा, तर ही भर वाढते आणि ट्यूनिंग ठरवल्यापेक्षा खाली जातं. म्हणून सुताराला सांगताना पोर्टची फळी शेवटी बसवायला सांगा, मोजून मग पक्की करायची.

निव्वळ १८० लिटर म्हणजे काय हेही नवीन माणूस विसरतो. पोर्टनं आत १२ लिटर खाल्ले, स्पीकरचा मॅग्नेट आणि बास्केट काही लिटर खाणार, आतल्या आडव्या पट्ट्या खाणार. हे सगळं १८० मध्ये मिळवायचं आणि मग आतली मापं काढायची, त्यात प्लायची जाडी मिळवली की बाहेरची.

आता ग्राफ बघायची खरी जागा. नवीन पोरं फक्त आवाजाचा ग्राफ बघतात, रेषा सपाट दिसली की झालं काम. मी म्हणेन तो ग्राफ सगळ्यात शेवटी बघा. आधी कोन एक्सकर्शनचा, म्हणजे कोन किती हलतो त्याचा, ग्राफ उघडा, सिग्नलमध्ये तुम्ही खरंच जेवढी पॉवर देणार तेवढी टाका, ५०० वॅट म्हणजे ८ ओमला ६३ व्होल्ट, १००० वॅट म्हणजे ८९ व्होल्ट. ३८ हर्ट्झला कोन जवळजवळ थांबलेला दिसेल, कारण तिथं काम पोर्ट करतो. ३८ च्या वर एक उंचवटा, तो एक्समॅक्सच्या आत आहे का बघा. आणि ३८ च्या खाली रेषा थेट आभाळात गेलेली दिसेल. तिथं कोनच्या मागं हवेचा आधार राहत नाही, पोर्टमधून हवा नुसती आतबाहेर होते. आपल्याकडं जास्तीत जास्त स्पीकर याच ठिकाणी मरतात आणि लोक म्हणतात वॉट कमी पडले, मोठा अँप घ्या. मोठ्या अँपनं तो अजून लवकर मरेल. इलाज एकच, हाय पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज अडवणारा. सॉफ्टवेअरमध्येच ३२-३५ हर्ट्झला २४ डीबीचा हाय पास टाकून परत तो ग्राफ बघा, आणि तोच आकडा नंतर तुमच्या प्रोसेसरमध्ये घाला.

दुसरा ग्राफ पोर्टमधल्या हवेच्या वेगाचा. घरच्या सिस्टीमला १७ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवायचा संकेत आहे, मोठ्या साऊंडला त्याच्या पुढं जावंच लागतं, पण ३० च्या वर गेला की फूस-फूस ऐकू येते आणि पोर्ट आवळल्यासारखा होतो. वेग जास्त येत असेल तर पोर्ट मोठा करा, मग लांबीही वाढेल, मग लिटर परत जुळवा. असं दोन-तीन फेऱ्या करूनच बॉक्स ठरतो.

हवामानाचाही हिशोब घ्या. सॉफ्टवेअर धरून चालतं की आवाजाचा वेग सुमारे ३४४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे २० अंशांच्या आसपासचं तापमान. आपल्याकडं लग्नसराई ऐन मे महिन्यात, ४२ अंशांत आवाजाचा वेग जवळजवळ ३५७ होतो, आणि परभणीत थंडीच्या पहाटे १० अंशांत ३३७. म्हणजे ३८ चं ट्यूनिंग उन्हाळ्यात ३९.४ आणि थंडीत ३७.३. फरक दोनेक हर्ट्झचा, पण फिल्टर ठरवताना थोडी जागा सोडली पाहिजे हे त्यातून कळतं.

चौथा टप्पा: हॉर्नरेस्प

शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हात तोंडाभोवती धरतो, हॉर्न तेच करतो, छोट्या तोंडावरचा जास्त दाब हळूहळू पसरवत मोठ्या तोंडापर्यंत आणून मोकळ्या हवेला जोडून देतो, म्हणून त्याच वॉटमध्ये आवाज जास्त निघतो. त्याचं मूळ गणित आर्थर वेबस्टर यांनी १९१९ मध्ये छापलं, आणि हॉर्नरेस्प आजही मुळात त्याच विचारावर चालतं. त्यात धरलेलं असतं की लाट हॉर्नमधून एका दिशेनं सरळ पुढं जाते. बेसला हे बरोबर लागू होतं, कारण ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब, बॉक्सच्या आतल्या वळणांचं तिला फारसं काही वाटत नाही. वरच्या आवाजाला मात्र हे कमी पडतं, त्याचं पुढं सांगतो.

प्रोग्राम उघडला की आधीचंच एक उदाहरण दिसतं. ते पुसू नका, ॲडचं बटन दाबून नवीन रेकॉर्ड घ्या. एडिटमध्ये असल्याशिवाय आकडे बदलता येत नाहीत. वर आंग नावाचा रकाना, म्हणजे बॉक्स कुठं ठेवलाय: मोकळ्या आकाशात टांगलेला असेल तर ४ पाय (गणितातला π), जमिनीवर २ पाय, भिंतीला लागून १ पाय, कोपऱ्यात ०.५ पाय. आपला बेस जमिनीवर असतो, २ पाय ठेवा. ईजी म्हणजे व्होल्ट, तुलना करायला २.८३ ठेवा, तो ८ ओमला १ वॅट होतो.

मग स्पीकर. इथं विनआयएसडीपेक्षा वेगळे आकडे लागतात, एसडी, बीएल, सीएमएस (सस्पेन्शनचा मऊपणा), आरएमएस (सस्पेन्शनमधलं घर्षण, वॉटवालं आरएमएस नव्हे), एमएमडी, एलई (कॉइलचा इंडक्टन्स), आरई. सीएमएस, आरएमएस, एमएमडी तुमच्याकडं नसतील तर एडिटमध्ये असताना त्या रकान्यावर डबल क्लिक करा, सोप्या आकड्यांवरून काढून देणारी खिडकी उघडते. आपल्या स्पीकरचा सीएमएस १.०३ई-०४ असा दिसेल, तो लिहायची तीच पद्धत आहे, शेवटचं उणे चार विसरलात तर ग्राफ वेडावाकडा येतो. आणि एमएमडी म्हणजे एमएमएस नाही बरं का. एमएमएसमध्ये कोनला चिकटून हलणारी हवाही धरलेली असते, १८ इंची कोनला ती साधारण २५ ते ५० ग्रॅम भरते. हॉर्नरेस्प ती हवा स्वतः मोजतं, म्हणून त्याला हवेशिवायचं वजन द्यायचं, नाहीतर ती दोनदा मोजली जाते.

आता हॉर्न. एस१ म्हणजे घशाचं, स्पीकरकडच्या अरुंद टोकाचं, क्षेत्रफळ, ६०० टाका, म्हणजे कोनच्या निम्मं, दोनास एक कॉम्प्रेशन. एस२ म्हणजे तोंड, ५००० टाका. मधला प्रकार एक्स्पोनेन्शियल, लांबी १४५ सेंमी. कटऑफचा, म्हणजे ज्याच्या खाली हॉर्न काम सोडतो त्या फ्रिक्वेन्सीचा, एफ१२ सुमारे ४० हर्ट्झ येईल. व्हीआरसी म्हणजे मागची पेटी, १०० लिटर द्या. कॅल्क्युलेट दाबा.

आणि इथं बहुतेकांचा विरस होतो. कटऑफ ४० लिहिलाय आणि ग्राफ मात्र डोंगर-दऱ्यांचा, ४० हर्ट्झला काहीच नाही. याचं कारण तोंड. ४० हर्ट्झची लाट ८.६ मीटरची, हॉर्ननं ती नीट सोडायची तर जमिनीवर ठेवलेल्या हॉर्नचं तोंड सुमारे २.९ चौरस मीटर पाहिजे, आपलं आहे अर्धा चौरस मीटर. तोंड छोटं असलं की लाट तोंडापाशी आपटून मागं येते आणि हॉर्न एखाद्या नळीसारखा ठराविक सुरांना घुमायला लागतो. एकट्या हॉर्नच्या बॉक्सनं खोल बेस येत नाही तो यामुळंच, आणि तेच बॉक्स सहा एकत्र, तोंडाशेजारी तोंड लावून रचले की अचानक दम येतो तोही यामुळंच, सहांची तोंडं मिळून ३ चौरस मीटर झाली. हे स्क्रीनवर बघा: एस१, एस२, मागची पेटी आणि ड्रायव्हरची संख्या सगळं सहापट करा, लांबी तीच ठेवा, आणि डोंगर कसे सपाट होतात ते बघा. तुमच्याकडं दोनच बॉक्स लावायची ऑर्डर जास्त असते, तर प्रामाणिकपणे सांगतो, हॉर्नच्या मागं लागू नका, पोर्टचा बॉक्स करा. हॉर्न रचून लावणाऱ्याचं काम आहे.

मागच्या पेटीशी खेळताना एक गोष्ट कळेल, १०० लिटरमध्ये आपल्या स्पीकरचा रेझोनन्स ६१-६२ हर्ट्झला जातो. हे मुद्दामच असतं, कटऑफजवळ हॉर्नमधली हवा कोनला जड लागते आणि मागच्या पेटीची ताणलेली हवा ते ओझं काही प्रमाणात उचलते. पण पेटी लई लहान केली की खालचा आवाज गुदमरतो. ६० पासून १५० पर्यंत लिटर बदलत, दर वेळी डायफ्राम डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे कोन किती हलतो त्याचा, ग्राफही बघत जा.

मापं ठरली की स्कीमॅटिक डायग्राम उघडून आकार डोळ्यांनी बघा. प्रत्यक्षात हा १४५ सेंमीचा हॉर्न बॉक्समध्ये घडी घालून बसवायचा असतो, तेव्हा लांबी मधल्या रेषेनं मोजायची, आतल्या भिंतीनंही नाही आणि बाहेरच्याही नाही. ए४ कागदावर स्केलनं काढून, दर १० सेंमीला क्षेत्रफळ जुळतंय का तपासून मगच सुताराकडं जायचं. आपल्याकडं चालणारे स्कूपचे बॉक्सही यातच बसतात, तिथं हॉर्न कोनच्या मागच्या बाजूला असतो आणि पुढची बाजू थेट वाजते, पण तो प्रकार साधा पुढचा हॉर्न पक्का समजल्यावर घ्या.

वरच्या आवाजाचा हॉर्न वेगळा असतो

सप्ताहात कीर्तनकार महाराजांचा शब्द न शब्द शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या आजीला कळला पाहिजे, माझ्यासाठी साऊंडचं खरं काम तेच आहे. शब्द कळायला १ ते ४ किलोहर्ट्झचा भाग लागतो, आणि तिथं प्रश्न हॉर्न किती जोरात वाजतो याचा नसून आवाज कुठं टाकतो याचा असतो. पत्र्याच्या मंडपात आवाज छताला लागला की शब्द चिखलासारखे होतात.

यासाठी एक सोपं सूत्र आहे, अमेरिकेच्या डी. बी. कील यांच्या १९७५ च्या कामातलं: २५,४०० भागिले आवाज पसरायचा कोन (म्हणजे अँगल, स्पीकरचा कोन नव्हे) अंशांत, भागिले हॉर्नची रुंदी मीटरमध्ये, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीच्या वर हॉर्न आपला कोन सांभाळतो ती. ९० अंशांचा, ३० सेंमी रुंद हॉर्न सुमारे ९४० हर्ट्झच्या वर ताबा ठेवतो. उंची १० सेंमीच असेल आणि उभा कोन ४० अंश, तर वरखाली ताबा ६३५० च्या वरच, म्हणजे शब्दांचा सगळा भाग छतावर जाणार. हे गणित करून बाजारातले चपटे हॉर्न बघा, लगेच कळेल कोणता मंडपात लावायचा आणि कोणता नाही.

याच्यापुढं जायचं तर अकाबाक. जर्मनीच्या यॉर्ग पान्झर यांचं हे सॉफ्टवेअर हॉर्नच्या पृष्ठभागाचे हजारो छोटे तुकडे करून प्रत्येकावरचा दाब सोडवतं, या पद्धतीला बाउंडरी एलिमेंट म्हणतात. नियम असा की एका लाटेच्या लांबीत किमान ६ तुकडे पाहिजेत, १० किलोहर्ट्झची लाट साडेतीन सेंमीच्या आत, म्हणजे तुकडे ६ मिमीपेक्षा लहान. रॅम तुकड्यांच्या वर्गात वाढते, म्हणून हॉर्न चारी बाजूंनी सारखा असेल तर पाव भागच काढून सममिती सांगायची, तुकडे पाव झाले की रॅम सोळावा हिस्सा लागते. पहिलं एक-दोन वर्ष याच्याशिवाय काही अडत नाही.

सॉफ्टवेअरला काय दिसत नाही

बॉक्सची भिंत थरथरते ते दिसत नाही, म्हणून १८ मिमी प्लाय आणि आत आडव्या पट्ट्या. एमडीएफ पावसात एकदा भिजला की फुगतो, फिरत्या साऊंडला नकोच. जोडातून हवा गळते ते दिसत नाही. कॉइल तापून तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि आवाज काही डीबी बसतो, तेही या साध्या ग्राफमध्ये नाही. जनरेटरचा व्होल्टेज पडून अँप दबतो ते तर नाहीच.

आणि आणखी एक, जे मला मनापासून सांगायचंय. मॅक्झिमम एसपीएलचा, म्हणजे जास्तीत जास्त किती आवाज निघेल त्याचा, ग्राफ हे टार्गेट नाही. १ मीटरवर १३० डीबी असेल तर मोकळ्या जागेत १० मीटरवर ११० आणि १०० मीटरवरही ९० राहतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, दवाखाना-शाळा-कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. मिरवणुकीच्या गल्लीत घराच्या भिंतीशी लागून म्हातारी माणसं, तान्ही लेकरं असतात. चांगला बॉक्स कमी वॉटमध्ये स्वच्छ वाजतो, सिम्युलेशन शिकायचं ते त्यासाठी.

बॉक्स झाल्यावर

सुताराकडून बॉक्स आला की लगेच रंग मारू नका. स्पीकर बसवा, त्याच आरईडब्ल्यूच्या जोडणीनं बॉक्सचा इम्पिडन्स मोजा. पोर्टच्या बॉक्सला दोन टोकं दिसतील आणि मधे एक खड्डा, तो खड्डा ज्या फ्रिक्वेन्सीला तेच खरं ट्यूनिंग. ३८ ठरवलं आणि ४२ आलं तर पोर्ट लांब करा, ३५ आलं तर फळी थोडी कापा. दोन टोकं बुटकी आणि पसरट आली तर बहुतेक कुठंतरी हवा गळतीये, कडेला उदबत्ती फिरवून धूर कुठं हलतो ते बघा, सिलिकॉन भरा, परत मोजा. हॉर्नच्या बॉक्सला टोकं जास्त असतात, ती हॉर्नरेस्पच्या इलेक्ट्रिकल इम्पिडन्स ग्राफवर ठेवून बघा, टोकांच्या जागा जुळल्या तर लांबी बरोबर आलीये.

मोजलेला ग्राफ आणि सिम्युलेशनची फाईल दोन्ही सेव्ह करून त्याच नंबरची चिठ्ठी बॉक्सच्या आत, टर्मिनल प्लेटच्या मागं चिकटवा, फिल्टरचे आकडेही तिच्यावर लिहा. पुढं कधी कॉइल जळून तो स्पीकर रिकोन होऊन आला, की बॉक्समध्ये टाकायच्या आधी मोजून जुन्या फाईलमध्ये नवे आकडे घाला, आणि हाय पास तोच ठेवायचा का वर घ्यायचा ते एक्सकर्शनच्या ग्राफवरून ठरवा.